ओळ टाकून ओल बघताना: कोकणातले काप, भराव आणि रेझिस्टिव्हिटी

रस्त्याकडेच्या कापावर केबल पसरून खुंट्या ठोकत बसलेला माणूस दिसला की कोकणात पहिला प्रश्न ठरलेला: "काय वो सायेब, बोरिंग कुटं मारायची म्हंता?" प्रश्न चुकीचा नाही. बोअरवेलची जागा दाखवायला मशीन घेऊन येणारे लोक आणि आपण एकाच घराण्यातले. फरक इतकाच, की त्यांना पाणी एकदाच बघायचं असतं. आपल्याला तीच जागा मे महिन्यात, मिरगात, आर्द्रात, पुष्यात आणि पुन्हा दिवाळीच्या सुमाराला बघायची असते.

हा लेख हे काम, म्हणजे जमिनीत वीज सोडून डोंगराच्या कापातली किंवा मातीच्या भरावातली ओल बघायचं काम, पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी आहे: बांधकाम खात्यातला ज्युनिअर इंजिनिअर, भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी, ठेकेदाराकडचा साइटवरचा पोरगा. गणित फारसं नाही, दोन छोटी सूत्रं आहेत. पण एक गोष्ट आधीच सांगतो: एकटं चित्र कामाचं नाही. एका दिवसाच्या मोजणीतून लाल-पिवळ्या-निळ्या पट्ट्यांची छान सतरंजी हातात येते (निळं म्हणजे जिथून वीज सहज वाहते ती जागा) आणि निळं तिथे पाणी, असं आपण समजून बसतो. चिकणमातीसुद्धा निळीच दिसते. खाऱ्या पाण्यात भिजलेली रेतीही निळीच. मे महिन्यात त्या जागी काय होतं आणि आज काय आहे यातला फरक मात्र बहुतेक करून पाण्याचा असतो, कारण मातीचा प्रकार दोन महिन्यांत बदलत नाही. म्हणून सगळी तयारी मिरगाच्या आधी झाली पाहिजे. पहिल्या वर्षी आमचं उपकरण जूनच्या मध्यावर हातात आलं, तोवर डोंगर भिजून चिंब. त्या वर्षीची सगळी चित्रं आजही कपाटात आहेत, आणि ती कशाशी ताडून बघायची हे आजही कोणाला सांगता येत नाही.

पाणी नेमकं काय करतं

२२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीने कोकण रेल्वेची गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण, म्हणजे मातीचा भरावच, फुटलं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर डोंगर आला, १९ जुलै २०२३ ला खालापूरच्या इर्शाळवाडीवर. या चारही जागा वेगळ्या आणि प्रत्येकीची कारणंही वेगळी. तारखांचे महिने मात्र बघा.

समुद्रावर वाळूचा किल्ला केलेल्या कोणालाही यामागचं शास्त्र ठाऊक असतं. कोरडी वाळू उभी राहत नाही, ओलसर वाळू ताठ उभी राहते आणि लाट येऊन वाळू पुरती भिजली की किल्ला बसतो. ओलसर असताना कणांमधलं थोडंसं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. कणांमधली सगळी पोकळी पाण्याने भरली की ती ओढ संपते, उलट पाणीच कणांना बाजूला ढकलायला लागतं. काप किंवा भराव वर्षानुवर्षं उभा असतो तो बऱ्याच अंशी त्या ओढीवर. कोकणात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तेव्हा ती ओढ कुठे, किती खोलवर आणि किती लवकर संपते हे कळणं मोलाचं.

आता वीज. दगडमातीचे कोरडे कण वीज वाहू देत नाहीत. कणांमधलं, क्षार विरघळलेलं पाणी ती वाहून नेतं. म्हणून ओल वाढली की रोधकता, म्हणजे रेझिस्टिव्हिटी, कमी होते. आर्ची या अमेरिकन अभियंत्याने १९४२ मध्ये तेलाच्या खडकांसाठी याचं सूत्र मांडलं. ते स्वच्छ वाळूला चपखल बसतं. आपल्या चिकणमातीला तितकं नाही, कारण चिकणमातीच्या कणांचा पृष्ठभाग स्वतःच थोडी वीज वाहतो. त्यामुळे पुस्तकातलं सूत्र उचलून ओलीची टक्केवारी काढू नका. त्यासाठी आपल्या जागेची माती तपासावी लागते, ते पुढे येईलच.

आधी जागा चालून या

दिवाळीनंतर गवत वाळलं की साइट दोन-तीनदा पायी फिरा. एकदा वाडीतल्या जुन्या माणसाला घेऊन. त्याला "इथे दरड येते का" असं विचारू नका, "पावसात पाणी कुठून फुटतं" असं विचारा. कोकणच्या कापात बहुधा वर जांभ्याचं टोपण असतं, खाली शेडी, म्हणजे पांढरट-तांबूस, साबणासारखी मऊ माती, आणि त्याखाली कुजलेला व मग ताजा काळा दगड. (सिंधुदुर्गात दक्षिणेकडे गेलात की काळ्या दगडाच्या जागी दुसरेच, जास्त जुने खडक येतात.) जांभ्यात भेगा आणि नळ्या असतात, त्यातून पाणी सुसाट खाली जातं. शेडीतून ते सहज पुढे सरकत नाही. म्हणून दोघांच्या सांध्यावर पाझर फुटतो. रस्ता किंवा रूळ टाकताना कापलेल्या डोंगरात तो सांधा उघडा पडला असेल तर आपली जागा सापडली असं समजा.

चालताना आणखी एक यादी वहीत करा: लोखंड कुठे कुठे आहे. दगड अडवायला लावलेल्या जाळ्या, कापात ठोकलेले बोल्ट, काटेरी तारेचं कुंपण, जुन्या पाइपा. वीज लोखंडातून जाणं पसंत करते, मातीकडे मग ती बघतसुद्धा नाही. आमच्या एका ओळीत तळापासून तिसऱ्या मीटरवर एक गडद निळा ठिपका होता. मे असो, जुलै असो, तो हलेना. आम्ही त्याला 'अडकलेलं पाणी' असं नाव देऊन अहवालात दोन परिच्छेद लिहिले होते. शेवटी खणून पाहिलं तर वाडीच्या जुन्या नळयोजनेची बिडाची पाइप. जे पावसाबरोबर बदलत नाही त्याच्याकडे संशयाने बघायचं, हे मी त्या पाइपेकडून शिकलो.

रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय पाय टाकायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. परवानगी मिळाली तरी रुळांवरच्या विजेच्या तारांचा गोंगाट रीडिंगमध्ये येतो. गाडी जवळ नसतानाची वेळ साधा आणि प्रत्येक रीडिंग जास्त वेळा घ्या.

खाडीलगतच्या भरावांवर, खारबंदिस्तीच्या बांधांवर आणि खाजणाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यांवर ही पद्धत जपून वापरा. समुद्राच्या पाण्याची रोधकता ०.२ ते ०.३ ओहम-मीटर इतकी कमी. तिथे चित्र भरती-ओहोटीबरोबर बदलतं आणि आपण त्याला पाऊस समजतो. निदान भरतीची वेळ रीडिंगशेजारी लिहा.

ओळ कुठे आणि किती लांब

पद्धतीचं मूळ सोपं आहे. एका रेषेत चार खुंट्या. बाहेरच्या दोघींतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोघींमध्ये व्होल्टेज मोजायचं. वेन्नरने १९१५ मध्ये चारही खुंट्यांत सारखं अंतर ठेवायची मांडणी दिली, ती शिकायला सर्वांत बरी. तिचं सूत्र असं: रोधकता = २ × π × अंतर × (व्होल्टेज ÷ प्रवाह). समजा अंतर २ मीटर, प्रवाह ४० मिलिअँपिअर आणि व्होल्टेज १२० मिलिव्होल्ट. भागाकार आला ३ ओहम, आणि रोधकता सुमारे ३८ ओहम-मीटर. हा आकडा साधारण अंतराच्या निम्म्या खोलीच्या, म्हणजे मीटरभर खालच्या मातीबद्दल बोलतो. अंतर वाढवत नेलं की खोली वाढते.

अशा चौकड्या बदलत, सरकवत शेकडो रीडिंगं घेतली की जमिनीचा उभा छेद मिळतो. बहुखुंटी उपकरण हे आपोआप करतं: ४८ खुंट्या एकदाच लावायच्या, कोणत्या चार वापरायच्या ते पेटी ठरवते. ही पेटी महाग, पहिल्या वर्षी ती भाड्याने किंवा एखाद्या कॉलेजकडून मिळते का बघा. तीही नाही मिळाली तर साध्या चारखुंटी मीटरवर हाताने करा. मीटर-मीटरवर २४ जागा आखा. अंतर १, २, ३ आणि ४ मीटर ठेवून अनुक्रमे २१, १८, १५ आणि १२, अशी ६६ रीडिंगं होतात. दोन माणसांचं एका सकाळचं काम. माझ्या मते प्रत्येक नवख्याने पहिली ओळ हातानेच करावी. पेटीने चुकीचं दिलेलं मग लगेच डोळ्यांत खुपतं.

लांबीचा ढोबळ हिशोब: ओळीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकं खोल दिसतं, तेही ओळीच्या मधोमध. दोन्ही टोकांना चित्र उथळ होत जातं. तेव्हा जो पाझर बघायचा आहे तो ओळीच्या टोकाला ठेवू नका. मीटरभर अंतराच्या ४८ खुंट्या म्हणजे ४७ मीटर, मध्यावर आठेक मीटर खोल. साध्या कापाला पुरे. अंतर एक मीटर ठेवलं तर विटेएवढी गोष्ट दिसणार नाही, आणि खोल जाल तितकं चित्र धूसर होणार, हे धरून चाला.

मुख्य ओळ उताराच्या वरून खाली टाका. माथ्यावर, कापाच्या कडेमागे, निदान दहा मीटर ती जाऊ द्या, कारण पाणी तिथून आत शिरतं. जमलं तर एक आडवी ओळ सांध्याच्या किंचित वर. भरावाच्या बाबतीत एक खोड लक्षात ठेवा: अरुंद भरावाच्या माथ्यावर लांबीच्या दिशेने ओळ टाकली तर दोन्ही बाजूंची हवाही मोजणीत येते, आणि हवेतून वीज जात नसल्याने भराव असतो त्याहून कोरडा दिसतो. खुंट्यांचं अंतर भरावाच्या रुंदीच्या मानाने मोठं होत जातं तसा हा घोळ वाढतो. म्हणून भरावावर आडवा छेद घ्या: एका पायथ्यापासून वर चढून दुसऱ्या पायथ्यापर्यंत.

प्रत्येक खुंटीची उंची लेव्हलने किंवा टोटल स्टेशनने घ्या. उतारावरून टेपने मोजलेलं अंतर आणि नकाशावरचं आडवं अंतर एक नसतं. सॉफ्टवेअरला नेमकं कोणतं हवं ते बघून द्या. या एका गोंधळात मी लोकांचे आठवडे गेलेले पाहिलेत.

खुंट्या आणि केबल

खुंट्या स्टेनलेस स्टीलच्या, बोटाएवढ्या जाड. साध्या सळईचे तुकडे खाऱ्या वाऱ्यात एका पावसात गंजतात, आणि गंज चढला की मातीचा नव्हे, खुंटीचाच बदल मोजला जातो. मीटरभर अंतराला वीस सेंटिमीटरपेक्षा खोल ठोकू नका. गणित खुंटीला ठिपका समजतं, भाल्यासारखी घुसवली तर ठिपका राहत नाही.

जांभ्याच्या कातळावर खुंटी शिरतच नाही. ड्रिलने भोक पाडा, त्यात बेंटोनाइटचा (पाण्यात फुगणारी चिकणमाती) किंवा त्याच जागेच्या शेडीचा ओला गारा भरा आणि खुंटी त्यात बसवा. बोअरवाले अशा ठिकाणी मिठाचं पाणी ओततात. एकदाच्या मोजणीला ते चालतं, आपल्याला चालणार नाही. मीठ पहिल्या पावसाबरोबर खाली झिरपतं आणि जून महिन्यात चित्रात एक सुंदर 'ओल' उतरताना दिसते, जी ओल नसतेच. गोडं पाणी थोडं शिंपडलंत तर किती आणि कधी ते वहीत लिहा.

सुरुवातीला खुंट्यांच्या प्रत्येक जोडीचा संपर्करोध, म्हणजे खुंटीतून मातीत शिरताना विजेला होणारा अडथळा, तपासा. दोन-तीन हजार ओहमच्या आत असेल तर उत्तम. मे महिन्यात जांभ्यावर तो याच्या कित्येक पट येतो आणि पेटी प्रवाहच ढकलू शकत नाही. अशा खुंटीजवळ आणखी एक खुंटी ठोकून दोन्ही तारेने जोडल्या की काम भागतं.

केबल उघड्यावर ठेवू नका. वीतभर खोल चर खणून पुरा, आणि जोडांवर ग्रीस भरून श्रिंक-स्लीव्ह चढवा. कोकणात केबलचे शत्रू अनेक. शिमग्याच्या आसपास सड्यावर वणवे लागतात, त्यामुळे ओळीच्या दोन्ही बाजूंचं गवत आधीच काढा. उंदीर, साळिंदर, रानडुक्कर आपापल्या परीने हातभार लावतात. माकडं झेंडे आणि रंगीत टेप काढून नेतात, का ते त्यांनाच माहीत. शिवाय तांब्याला भंगारात भाव असतो. वाडीत बसून एकदा चहा पिऊन काय चाललंय ते सांगा, कुलूपबंद पेटीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

सुरक्षेचं थोडक्यात, पण हसण्यावारी नेऊ नका: अशी उपकरणं काहीशे व्होल्ट सोडतात. मोजणी चालू असताना ओळीवर एक माणूस उभा हवा, शिट्टी घेऊन. चरणारी गुरं आणि शाळेतून परतणारी पोरं यांना ती केबल नुसती दोरी वाटते. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की पेटीपासून केबल सोडवा आणि कापावरून निघा. पावसाळ्यात, पाऊस कोसळत असताना, सेटिंग बघायला म्हणून कापाखाली जाऊ नका. ज्या डोंगराचा भरवसा नाही म्हणून ओळ टाकली, त्याच्याखालीच उभं राहायचं कसलं?

मेची मोजणी

एप्रिलचा शेवट ते मेचा तिसरा आठवडा, या काळात निदान तीन वेळा पूर्ण मोजणी करा, वळवाच्या सरींपासून लांब. तीनदा अशासाठी, की एकाच कोरड्या डोंगराची तीन चित्रं एकमेकांशी किती जुळतात त्यावरून तुमच्या यंत्रणेची चूक कळते. ती जर आठ टक्के निघाली, तर जुलैत दिसणाऱ्या पाच टक्के बदलाला काही अर्थ नाही.

चूक मोजायची दुसरी, जास्त भरवशाची रीत म्हणजे उलटी मोजणी. प्रवाहाच्या खुंट्या व्होल्टेजला आणि व्होल्टेजच्या प्रवाहाला लावायच्या. तत्त्वाने दोन्ही आकडे एकच यायला हवेत. सगळ्या नाही तर दहा-वीस टक्के रीडिंगांची तरी अशी फेरतपासणी करा. जिथे फरक पाच-दहा टक्क्यांवर जातो ती काढून टाका. जिच्यातून नुकताच प्रवाह गेला त्या खुंटीवर लगेच व्होल्टेज मोजू नका, ती थोडा वेळ 'चढलेली' असते.

मातीचं तापमानही याच काळात नोंदवायला लागा. अर्धा मीटर, एक मीटर आणि दोन मीटर खोलीवर एकेक सेन्सर पुरे. तापमान एका अंशाने वाढलं की रोधकता सुमारे दोन टक्क्यांनी घटते. २५ अंशांवर आणायचं दुसरं सूत्र: मोजलेली रोधकता × (१ + ०.०२ × (तापमान − २५)). समजा मे महिन्यात ३३ अंशांच्या मातीत १०० ओहम-मीटर मिळाले. २५ अंशांवर ते ११६ होतात. हीच माती, इतकीच ओली, जुलैत २६ अंशांवर थंडावली तर मीटर सुमारे ११४ दाखवेल. म्हणजे ओल तेवढीच असूनही माती सुकल्यासारखी वाटेल. आपल्याकडे पाऊस आणि गारवा एकत्र येतात, त्यामुळे ही दुरुस्ती न केल्यास खरी ओलच काही अंशी झाकली जाते. वरच्या दीड-दोन मीटरला याचा फटका जास्त.

शेडीची पेटी

आता माती तपासणं. ओळीपासून चार-पाच मीटर बाजूला (ओळीवर नव्हे) हातऑगरने भोक पाडून वेगवेगळ्या खोलीची माती काढा. थोडी १०५ ते ११० अंशांच्या भट्टीत दिवसभर वाळवा, वजनातला फरक म्हणजे ओल. उरलेली माती चौकोनी, वीज न वाहणाऱ्या पेटीत मूळच्या घनतेने ठासा. दोन टोकांना पत्रे, मध्ये दोन पिना. हळूहळू पाणी वाढवत प्रत्येक पायरीवर रोधकता मोजा. पाणी नळाचं नको, त्याच डोंगराच्या झऱ्याचं घ्या, क्षार तेच हवेत. शेडी पेटीत छान बसते. जांभ्याचे खडे बसत नाहीत, जांभ्याच्या थरासाठी टक्केवारीचा हट्ट सोडा आणि 'वाढली-घटली' इतकंच बोला.

ही आकडेवारी कागदावर मांडलीत की या पद्धतीची मर्यादा समोर येते. कोरड्या टोकाला रेषा कड्यासारखी उभी: थोडी ओल वाढली की रोधकता धाडकन पडते. ओल्या टोकाला ती भाताच्या खाचरासारखी सपाट. माती शेवटचे काही टक्के पाणी पीत असते, म्हणजे सर्वांत धोक्याच्या काळात असते, तेव्हाच रोधकता फारशी बदलत नाही. त्यात पाण्याचा दाब ही पद्धत मोजतच नाही. म्हणून त्याच ओळीवर निदान दोन पिझोमीटर, म्हणजे जमिनीतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या नळ्या, हवेत: तळाशी भोकं पाडलेली, जाळी गुंडाळलेली साधी पीव्हीसी पाइपही चालते, एक सांध्याच्या वर आणि एक शेडीत. जोडीला पर्जन्यमापक, साइटवरचाच. तालुक्याच्या गावातला पाऊस आणि घाटमाथ्यालगतचा पाऊस यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो.

पाऊस लागल्यावर

मिरगाच्या पहिल्या सरींपासून जुलैअखेर रोज एक मोजणी, शक्यतो पहाटे. स्वयंचलित पेटी असेल तर दर काही तासांनी. सौरपॅनेलवर विसंबू नका. आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. बॅटरी त्या हिशोबाने घ्या. ऑगस्टपासून एक दिवसाआड, मग आठवड्याने.

रीडिंगांपासून छेद बनवण्याच्या आकडेमोडीला इन्व्हर्शन म्हणतात. रेझ-टू-डी-इन्व्ह पुष्कळ वापरलं जातं. फुकट आणि खुलं हवं असेल तर रेझ-आयपाय किंवा पायजिमली. सगळ्यांत 'टाइम-लॅप्स' सोय आहे, तीच वापरा, म्हणजे प्रत्येक दिवस मेच्या चित्राशी बांधून सोडवला जातो. सेटिंग आणि रंगपट्टी पूर्ण मोसम एकच ठेवा. रोज आपोआप बदलणारी रंगपट्टी हा साहेबांना घाबरवायचा उत्तम मार्ग आहे. छापताना मूळ रोधकता नको, मेपासूनचा टक्केवारी बदल छापा.

कोकणच्या कापात साधारण हे दिसतं. पहिल्या आठवड्यात वरचा अर्धा-एक मीटर निळा होतो. मग एके दिवशी, जोराचा पाऊस पडून गेल्यावर, मधली जागा कोरडीच आणि खाली सांध्यावर निळी पट्टी. चूक वाटते, पण पाणी जांभ्याच्या नळीतून थेट खाली उतरलेलं असतं. ती नळी वर कुठे उघडते ते चालून शोधा. पुष्कळदा माथ्यावरचं तुंबलेलं गटार किंवा सोडून दिलेली चिरेखाण सापडते. तिथलं पाणी वळवलं तर पुढच्या मोठ्या पावसात पट्टी फिकी पडते का, ते बघा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत रोकडा उपयोग हाच: पाणी कुठे अडवायचं ते कळतं.

तीन फसव्या गोष्टी. गडद निळ्या पट्टीच्या खाली चित्रात कधी कधी तांबडी सावली उमटते, जणू तिथली माती सुकली. बहुतेक वेळा ती आकडेमोडीची करामत असते. दुसरी: आधीच भिजलेल्या मातीत मुसळधार पावसाचं ताजं, क्षार नसलेलं पाणी शिरलं की रोधकता किंचित वाढते. पुष्यातल्या झडीत डोंगर 'सुकताना' दिसला तर आनंद मानू नका, पिझोमीटर बघा. आणि तिसरी: उतार सरकला तर खुंट्याही सरकतात. काही सेंटिमीटरांनी अंतर बदललं तरी आकडे बदलतात आणि ते ओलीसारखे दिसतात. इंग्लंडात नॉर्थ यॉर्कशरमधल्या हॉलिन हिल या सरकत्या उतारावर ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे २००८ पासून अशी मोजणी करत आलं आहे. तिथे रोधकतेच्या आकड्यांतूनच खुंट्या किती सरकल्या हे काढायचं तंत्र विकसित झालं. आपण नवखे, आपण दर महिन्याला टेप लावू.

धोक्याची पातळी किती, हा प्रश्न पहिल्याच पावसाळ्यात विचारला जाईल. आकडा देऊ नका. निदान दोन पावसाळ्यांची रीडिंगं, पाऊस आणि पिझोमीटर शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय तो देता येत नाही, आणि दिला तरी तो त्या एका कापापुरता. तोवर जुनी लक्षणंच प्रमाण: माथ्यावर नवी भेग, तिरकं झालेलं झाड, गढूळ झालेला किंवा अचानक बंद पडलेला झरा, घराचं दार अडकू लागणं. यातलं काही दिसलं तर लॅपटॉप उघडत बसू नका. वाडीला उठवा, तहसीलला फोन करा.

हस्ताचा पाऊस सरला की लोक पेटी उचलून नेतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरची मोजणी सोडू नका. माती भिजताना आणि सुकताना एकाच वाटेने जात नाही. शेडी तर दिवाळीपर्यंत पाणी धरून ठेवते. जो भाग शेवटपर्यंत निळा राहतो तिथे उताराच्या पोटात आडवी पाझरपाइप टाकायची, हे ठेकेदाराला जानेवारीत दाखवता येतं, तेव्हाच त्याचं यंत्र मोकळं असतं. खुंट्या मात्र उपटू नका. प्रत्येकीच्या डोक्यावर रंगाने नंबर घाला, गंजलेली असेल ती त्याच भोकात बदला, आणि बदलल्याची तारीख वहीत टाका. पुढच्या मेमध्ये सतरा नंबरला उगाचच वेगळं रीडिंग आलं, तर ते पान लागेल.